मँटिसला खायला घालताय? आधी त्याचं खाणं काय खातंय ते बघा

गेल्या जुलैत माझी ठकी गेली. ठकी म्हणजे हिरोडुला जातीची मँटिस, आपल्याकडे कढीपत्त्याच्या नाहीतर जास्वंदीच्या कुंडीत कधीतरी अचानक दिसतो ना तो मोठा हिरवा प्रार्थना कीटक, माझी आजी त्याला खंडोबाचा घोडा म्हणायची. बोटभर असल्यापासून वाढवलेली, शेवटची एक कात टाकायची राहिली होती. त्या आठवड्यात पावसामुळे क्रिकेटचं, म्हणजे तिच्या खाण्यासाठी विकत मागवलेल्या रातकिड्यांचं, पार्सल अडकलं होतं आणि रात्री जिन्यात एक रातकिडा दिसला, चांगला धडधाकट, टुणटुण उड्या मारणारा. पकडला, दिला, तिने चवीने खाल्ला. सकाळी बघते तर ठकी डब्याच्या तळाशी उताणी, पाय थरथरतायत, उलटं लटकायला काही पकडताच येत नाहीये. दुपारपर्यंत संपलं सगळं. संध्याकाळी कळलं की आदल्या दिवशी सोसायटीच्या ड्रेनेज लाइनला फवारणी झाली होती, नोटीस लिफ्टशेजारी लावलेली आणि मी जिन्याने ये-जा करणारी.

तेव्हापासून माझं डोकं एकाच गोष्टीवर चालतं, की मँटिसच्या डब्यापेक्षा फीडरचा, म्हणजे त्याला खायला द्यायच्या किड्यांचा, डबा जास्त सांभाळायचा. मँटिस सहसा किड्याचं पोट वगैरे काढून ठेवत नाही, पोटातल्या मालासकट चावून खातो, म्हणजे फीडरने काल जे खाल्लं, ज्या फरशीवरून चालला, ते आज तुमच्या मँटिसच्या पोटात. आणि हा जेमतेम काही ग्रॅमचा जीव, त्याला डोस तो किती लागणार. त्यात आणखी एक गंमत, गंमत कसली, झुरळ, वाळवी आणि मँटिस हे कीटकांमधले अगदी जवळचे नातेवाईक आहेत, चुलत भावंडंच म्हणा. झुरळ मारायला जे बनवलंय ते मँटिसला लागू पडणारच की.

घरात सापडलेलं झुरळ? नाही म्हणजे नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, की अगं घरातच झुरळं आहेत तर विकत कशाला आणायची. नको. आपल्या ठाणे-नवी मुंबईत अशी सोसायटी शोधून दाखवा जिथे ओट्याखाली जेल लावलेलं नाहीये. त्या जेलमध्ये फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, इंडोक्साकार्ब असलं काहीतरी असतं आणि ते मुद्दाम हळू काम करेल असं बनवलेलं असतं, झुरळाने खाऊन लगेच मरू नये, बिळात जावं, तिथे बाकीच्यांनी त्याची विष्ठा आणि मेल्यावर त्याचं मढं खावं आणि तेही मरावेत. म्हणजे जेल खाल्लेलं झुरळ काही तास मस्त पळत असतं. ‘जिवंत आहे म्हणजे चांगलं असेल’ हा हिशेब इथे चालत नाही, माझा क्रिकेटही जिवंतच होता. तुमच्या घरात जेल नसेलही, पण झुरळ पाइपातून येतं आणि खालच्या मजल्यावरचे काका काय लावतात ते तुम्हाला माहीत नाही.

घरात सापडणारं काहीही, कोळी, झुरळ, रातकिडा, बाथरूममधले बारीक माशीसारखे किडे, सगळे बाद.

फॉगिंगचं पण बघा. आम्ही ऐरोलीत खाडीच्या बाजूला राहतो, मच्छर इतके की संध्याकाळी ग्रिलपाशी उभं राहवत नाही, त्यामुळे धुराची गाडी येणं काही नवीन नाही. त्या धुरात मॅलेथिऑन किंवा सायफेनोथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. गाडीचा तो फटफट आवाज आला की मी आधी खिडक्या लावते, डब्यांवर सुती चादर टाकते, पंखा बंद, तासभर काही उघडत नाही, आणि नंतर डबे ठेवतो ते टेबल ओल्या फडक्याने पुसून मगच हात लावते. फॉगिंग झाल्यावर पुढचे आठ-दहा दिवस बाहेरचा एकही किडा घरात आणायचा नाही, हा माझा नियम, कोणी म्हणेल जास्त होतंय, होऊ दे.

घरातल्या मच्छरांच्या लिक्विडमध्ये बहुतेक वेळा ट्रान्सफ्लुथ्रिन असतं, तेही पायरेथ्रॉइडच. ज्या खोलीत मँटिस आणि फीडर आहेत त्या खोलीत लिक्विड नाही, कॉइल नाही, अगरबत्तीसारखी ती मच्छरांची काडी नाही, बॅट चालेल, मच्छरदाणी उत्तम. ‘हर्बल’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, पायरेथ्रम नावाचं कीटकनाशक शेवंतीच्या भाऊबंदांतल्या एका फुलापासूनच काढतात, फूल असलं तरी किडा मरतोच. मुंग्यांचा खडू तर शेल्फच्या आसपासही नको. आणि घरात कुत्रा-मांजर असेल, त्याला गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध घातलं असेल, तर त्याला कुरवाळून तेच हात फीडरच्या डब्यात घालू नका, त्यातही बऱ्याचदा फिप्रोनिलच असतं. साबणाने कोपरापर्यंत धुवायचे हात.

सोसायटीत पेस्ट कंट्रोल ठरलं तर मी सगळा पसारा दोन दिवस ठाण्याला पाचपाखाडीत मावशीकडे नेऊन ठेवते. मावशी बिचारी काही बोलत नाही, फक्त विचारते, यातलं उडून बाहेर येणारं कुठलं गं?

बाहेरून पकडून आणायचं का

पकडायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर येऊर येतं. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून नाकतोडासुद्धा उचलून आणायचा नसतो, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे त्याला. खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या पट्ट्यातही तेच. रस्त्याच्या दुभाजकावरची झाडं, मॉलबाहेरचं लॉन, पालिकेच्या बागा इथे फवारणी होते का, कधी होते, कसली होते, हे माळीबुवांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि तेही दर वेळी असतातच असं नाही.

विषाचं सोडलं तरी बाहेरच्या किड्यांत परजीवी असतात. पावसाळ्यात ओढ्याकाठी मेलेल्या मँटिसच्या पोटातून काळा-तपकिरी दोऱ्यासारखा लांबलचक किडा बाहेर येतानाचे व्हिडिओ बघितले असतील, तो केसाळ वगैरे काही नाही, घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा दिसतो म्हणून इंग्रजीत हॉर्सहेअर वर्म म्हणतात. त्याची पिल्लं पाण्यात असतात, पाण्यात वाढणारे किडे, म्हणजे मेफ्लाय, डास, मिज, त्यांच्या अंगात जाऊन ती दबा धरून बसतात आणि मँटिसने तो किडा खाल्ला की आत जाऊन वाढतात. पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती जो किड्यांचा खच पडतो त्यात पाण्यातून आलेले कितीतरी असतात. फुकटचं जेवण वाटतं ते, पण मी तरी हात लावत नाही.

रुईच्या झाडावरच्या त्या काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या पण नको, प्लेन टायगर फुलपाखराच्या असतात, रुईच्या चिकातलं विष अंगात साठवलेलं असतं त्यांनी. याच कुटुंबातल्या मोनार्क फुलपाखराच्या अळ्या चिनी मँटिसला दिल्यावर तो अळीचं आतडं बाहेर टाकून बाकीची खातो असं शास्त्रज्ञांनी नोंदवलंय, त्यामुळे मँटिस काही अगदीच भोळा नाही, पण प्रयोग घरी कशाला. मधमाशी, गांधीलमाशीही नको.

मग बाहेरचं चालतं कधी? स्वतःच्या टेरेसवर, स्वतःच्या कुंड्यांत, जिथे तुम्ही स्वतः गेल्या दोन-तीन महिन्यांत काही मारलेलं नाहीये, तिथला एखादा पतंग किंवा छोटा नाकतोडा, बदल म्हणून. रोजचं जेवण म्हणून नाही.

विकतचे क्रिकेट

क्रॉफर्ड मार्केटला जा, पक्ष्या-माशांच्या दुकानातून घ्या किंवा कुरिअरने मागवा, कुठूनही आणले तरी आणले आणि दिले असं करायचं नाही. दुकानातला डबा म्हणजे शंभर-दोनशे क्रिकेट, खाली विष्ठा, मेलेल्या क्रिकेटना जिवंत क्रिकेट खातायत, एका कोपऱ्यात बटाट्याची काळी पडलेली चकती. ते सगळं त्यांच्या पोटात असतं. क्रिकेट खाऊन मँटिसने काळपट पाणी ओकलं, असं पाळणारे बरेच जण सांगतात आणि त्यांचा संशय बहुतेक वेळा सडकं खाल्लेल्या क्रिकेटवरच असतो. म्हणून काही लोक क्रिकेट अजिबातच देत नाहीत, माश्यांवरच मँटिस वाढवतात. मी इतकी कडक नाही पण क्रिकेटना आधी तीन दिवस पाहुणचार करते.

घरी आणल्यावर दुकानाचा डबा, त्यातला ट्रे, भुसा, सगळं फेकायचं. क्रिकेट तेवढे नव्या कोरड्या डब्यात झटकून घ्यायचे. मेलेले मोजा. पाचातला एक मेलेला निघाला तर मी तो लॉट मँटिसला देतच नाही, पैसे गेले तर गेले. डबा उघडल्यावर नाकात झिणझिण्या आणणारा अमोनियाचा वास आला किंवा मेलेल्यांपैकी काही गुलाबी-लालसर दिसले तरी तेच, लाल रंग हा सेराशिया नावाच्या बॅक्टेरियाचा असू शकतो आणि तो कीटकांना मारतो. आणि दुकानदार तीच लाल अंगं ‘रंगच तसाय मॅडम’ म्हणून खपवतो, माझ्याशी झालंय.

हे तीन दिवस त्यांना काय द्यायचं, तर गाजर सोलून, लाल भोपळा साल काढून, सफरचंद सोलून, आणि कोरडं म्हणून ओट्स किंवा गव्हाचा कोंडा. पालक, कोथिंबीर, फ्लॉवर मी देत नाही, जांभळी नाक्याच्या मंडईतून आणा नाहीतर दारात आलेल्या भाजीवाल्याकडून घ्या, पानांवर काय मारलंय ते धुऊन सगळं जातंच असं नाही. सोलता येतं तेच द्यायचं, सोपा हिशेब. आणि नवीन भाजी आली की आधी पाच-सहा क्रिकेट वेगळ्या वाटीत घेऊन त्यांनाच ती भाजी द्यायची, दुसऱ्या दिवशी टुणटुण उड्या मारतायत का बघायचं, मग बाकीच्यांना. हे मी कितीही घाई असली तरी सोडत नाही.

पाणी वाटीत ठेवलं की क्रिकेट बुडून मरतात आणि त्याचं सूप होतं. गाजरातून पुरेसं पाणी मिळतं, फार तर ओला कापूस, तो रोज बदलायचा. लपायला अंड्याचा ट्रे सगळे वापरतात, पण वाण्याकडून आणलेल्या ट्रेला कोंबडीची विष्ठा लागलेली असते, साल्मोनेलाची भीती, शिवाय दुकानात रात्री स्प्रे मारला असेल तर तोही त्यावर. मी कुरिअरच्या खोक्यांचा आतला साधा पुठ्ठा कापून उभा लावते, मळला की फेकला.

कॅल्शियम पावडर वगैरे लावून देऊ नका. ते सरड्या-कासवांसाठी असतं, त्यांना हाडं असतात.

चिलटं घरीच करा

पिल्लं, म्हणजे ऊथेकातून (मँटिसच्या अंड्यांच्या पिशवीतून) नुकती बाहेर पडलेली, मुंगीएवढी, त्यांना चिलटंच लागतात, ड्रोसोफिला. कुजक्या केळ्यावर येणारी चिलटं पकडून देता येतात का, तर येतात, पण ती कचऱ्याच्या डब्यावरून, ओल्या कचऱ्याच्या ड्रममधून हिंडून आलेली असतात. त्यापेक्षा न उडणाऱ्या चिलटांचं एक कल्चर, म्हणजे खाण्यासकट डब्यात वाढवलेली चिलटं, कोणा पाळणाऱ्याकडून मिळवा आणि पुढे स्वतः वाढवा.

आपल्याकडच्या प्रयोगशाळांमध्ये ड्रोसोफिलाला रवा-गुळाचं खाणं घालतात, ऐकून मला तर प्रसादाच्या शिऱ्याचीच आठवण झाली. प्रमाण साधारण असं, १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा, १० ग्रॅम अगर आणि बुरशी येऊ नये म्हणून ७.५ मिली प्रोपियोनिक अॅसिड. घरी एवढं लागत नाही, मी पाव लिटर पाणी घेते, २५ ग्रॅम गूळ, २५ ग्रॅम रवा, अडीच ग्रॅम अगर पावडर, आणि प्रोपियोनिक अॅसिडच्या जागी दोन चमचे पांढरं व्हिनेगर. गुळाचं पाणी उकळलं की गाळून घ्यायचं, त्यात अगर, मग रवा भुरभुरत ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, घट्टसर झालं की गॅस बंद, जरा निवल्यावर व्हिनेगर. उकळतं पाणी घालून धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या श्रीखंडाच्या डब्यांत दोन बोटं उंचीचा थर ओतायचा, वर कापड टाकून पूर्ण गार करायचं, आतून सुटलेलं पाणी टिश्यूने टिपायचं, चिमूटभर ड्राय यीस्ट, चढायला खरखरीत कागदाच्या पट्ट्या, आणि तीसेक चिलटं. झाकणाला मोठं भोक पाडून त्यावर जाड सुती कापड चिकटवायचं, जाळी नको, जाळीतून बाहेरची चिलटं येतात असं नाही पण माइट्स, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे कोळ्यासारखे बारीक जीव, येतात.

२५ अंशाला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. आता आपल्याकडे २५ अंश असतात कधी, जानेवारीत. एप्रिल-मेमध्ये घरात ३२-३३ असतात आणि कल्चर धडाधड बसतात, अळ्याच होत नाहीत, लोकांना वाटतं रवा बिघडला. तापमान सतत २९-३० च्या वर राहिलं की ड्रोसोफिलाचे नर नापीक होतात, हे कारण. मी मातीच्या पसरट कुंडीत ओली वाळू घालून त्यात डबे ठेवते, माठासारखी कुंडी गार राहते, जमिनीलगत, उन्हाच्या भिंतीपासून लांब. दुपारी एकदा पाणी शिंपडायचं.

नेमक्या त्याच दिवसांत घरात आंब्याची पेटी असते. हापूस पिकला की बाहेरची चिलटं आलीच, आणि एक उडणारा नर तुमच्या कल्चरमध्ये शिरला की खेळ खलास, कारण पंख नसण्याचा गुण रिसेसिव्ह, म्हणजे दबून राहणारा, असतो, त्याची पोरं सगळी उडणारी निघतात. पेटी एका खोलीत, कल्चर दुसऱ्या खोलीत, आणि कल्चर उघडायचं ते आंबे कापण्याआधी. आमच्याकडे यावरून वाद झालेले आहेत.

माइट्सचं काय? डब्याच्या भिंतीवर पिठासारखी पांढुरकी धूळ दिसली आणि ती हळूहळू सरकतेय असं वाटलं तर ते माइट्स. ते धान्यातून येतात, म्हणून रवा आणि कोंडा आणल्या आणल्या तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचा, मग वापरायचा. डबे एका ताटात, ताटात डिशवॉशचा थेंब टाकलेलं पाणी, याने माइट्स इकडून तिकडे जात नाहीत आणि मुंग्याही येत नाहीत, मुंग्यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही. एक महिन्याच्या वर कुठलंच कल्चर ठेवायचं नाही, त्यात अजून चिलटं असली तरी. डब्यावर मार्करने तारीख लिहा, लक्षात राहील म्हणता आणि राहत नाही.

अजून एक पाहुणा असतो, कुबड्या माशी, फोरिड म्हणतात. चिलटाएवढीच, पण डोळे लाल नाहीत, पाठीत वाकलेली आणि उडण्याऐवजी झटक्याझटक्याने पळते. पावसाळ्यात मेलेल्या क्रिकेटवर येते आणि तिथून सगळीकडे. ती दिसली की तो डबा सरळ बाद.

माश्या, दुसऱ्या पिढीच्या

मँटिस मोठा झाला की माशी हे त्याचं सगळ्यात आवडतं आणि माझ्या मते सगळ्यात निर्धोक खाणं, विशेषतः व्हायोलिन मँटिस असेल तर, त्याला उडणारंच भक्ष्य लागतं. पण मासळी बाजारातून पकडलेली माशी थेट देऊ नका. ती काय काय चाटून आलेली असते ते सांगायलाच नको. आठ-दहा माश्या पकडून जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, साखर-पाणी कापसावर द्या, आणि एका वाटीत गव्हाचा कोंडा, थोडी दूध पावडर, चिमूटभर यीस्ट, पाण्याने ओलसर करून ठेवा, त्यात अंडी घालतात. अंडी घातली की ती वाटी उचलून वेगळ्या बंद डब्यात, वरून जाळी. आपल्या हवेत दिवसभरात अळ्या, आठवड्याच्या आत तपकिरी कोष, आणखी चार-पाच दिवसांनी माश्या. पकडलेल्या माश्या मारून टाका, त्या मँटिसला द्यायच्याच नाहीत, त्यांची पोरं द्यायची. या पोरांनी आयुष्यात तुमच्या कोंड्याशिवाय काही बघितलेलं नाही.

वास येतो. खोटं बोलणार नाही. अळ्या कोषात जायला लागल्या की कोरडा कोंडा वरून पसरला तर कमी होतो, आणि डबा ड्राय बाल्कनीत, शेजाऱ्यांच्या खिडकीपासून लांब. कोष चाळून, कोरडे करून फ्रिजमध्ये हवाबंद नसलेल्या डबीत आठवडाभर राहतात, लागतील तसे चार-चार बाहेर काढायचे.

सोसायटीच्या कंपोस्ट पिटमध्ये जाड चपट्या अळ्या वळवळतात, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, त्या पाहून काहींना मोह होतो. पिटमध्ये कोणी काय टाकलंय आणि माश्या झाल्या म्हणून वॉचमनने वरून काय मारलंय हे तुम्हाला कळणार आहे का?

मीलवर्म, सुपरवर्म सगळीकडे मिळतात, कोरड्या कोंड्यात राहतात, वास नाही, पण सुपरवर्मचा जबडा जोरदार असतो, चिमट्याने धरून मँटिसच्या पुढ्यात द्यायचा, डब्यात सोडून द्यायचा नाही. डुबिया रोच स्वच्छ असतात, फक्त ते परदेशी आहेत, एकही बाहेर सोडायचा नाही. रोच किंवा मीलवर्मचा डबा साफ करताना मास्क लावा, ती बारीक धूळ दमा असणाऱ्यांना फार त्रास देते.

साफसफाई आणि वाढणं

फिनेल नाही, फरशीचं सुगंधी लिक्विड नाही, डेटॉल नाही. गरम पाणी, डिशवॉशचा एक थेंब, भरपूर खळखळून धुणं, आणि कडक ऊन. पावसाळ्यात ऊन कुठलं, मग व्हिनेगरने पुसून पंख्याखाली रात्रभर. चाळण्या, चिमटे, ब्रश वेगळे, त्यांना लाल रिबन बांधलेली आहे आणि ते स्वयंपाकघरात कधीच येत नाहीत, ही सासूबाईंची अट आणि अगदी रास्त अट. क्रिकेटचा डबा दर दोन-तीन दिवसांनी, मेलेले रोज उचलायचे.

फीडर देताना मँटिसच्या छातीच्या लांबीपेक्षा मोठा नको. पोट फुगलेलं असेल तर दोन दिवस काहीच नको, उपाशी मरेल ही भीती काढून टाका, जास्त खाऊन त्रास होतो. सोडलेला क्रिकेट संध्याकाळपर्यंत खाल्ला नाही तर काढून घ्यायचा, रात्रभर आत ठेवायचा नाही. कात टाकायच्या आधी मँटिस काही दिवस खात नाही, छताला लटकून गप्प असतो, आणि त्या वेळी डब्यात क्रिकेट असेल तर तो मऊ अंगाच्या मँटिसलाच कुरतडतो. असं मी एका मित्राकडे बघितलंय, परत बघायचं नाही. कात टाकल्यावरही एक-दोन दिवस काही नको, अंग कडक होऊ द्या. अर्धवट खाऊन टाकलेले पाय, पंख, डोकी लगेच चिमट्याने काढा, नाहीतर कुबड्या माशीला निमंत्रणच.

आणि इतकं करूनही मँटिसने काळं पाणी ओकलं तर? खाणं तीन दिवस बंद, डबा पूर्ण धुऊन कोरडा, तळाला नवा टिश्यू, ब्रशने पाण्याचा थेंब तोंडाशी, चौथ्या दिवशी वेगळ्या जागची माशी, एकच, छोटी. ज्या लॉटचा फीडर दिला होता तो सगळा बाजूला काढा, बाकीच्या मँटिसना त्यातला देऊ नका. काही वाचतात. पण पाय थरथरणं, झाकणावरून पडणं, उताणं होऊन वळवळणं असं असेल तर ते बहुतेक विष असतं आणि त्याला घरी करण्यासारखा उतारा नाही, स्वच्छ डब्यात, मोकळ्या हवेत ठेवायचं आणि मग तातडीने शोधायचं की कुठून आलं, कारण बाकीचे त्याच शेल्फवर आहेत. मी त्या दिवशी रडत बसले आणि त्याच रात्रीसाठी जिन्यातला दुसरा क्रिकेट बरणीत पकडून ठेवलेला होता, तो आयत्या वेळी नवऱ्याच्या लक्षात आला.

जुनं कल्चर, बाद झालेला लॉट, उरलेले रोच, हे गटारात किंवा खाडीकडे सोडायचं नाही. पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये, मग ओल्या कचऱ्यात. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा काय आहे ते, आमच्याकडे बर्फाच्या ट्रेच्या शेजारचा तो एक कप्पा सासूबाईंनी कायमचा मला देऊन टाकलाय आणि त्याला त्या स्वतः हात लावत नाहीत.